अवघ्या दोन गुणांनी

‘थोडक्यात हुकलं!’ हे शब्द आपल्या शाळांत वर्षभर ऐकू येतात. खो-खोच्या मैदानावर ऐकू येतात, वक्तृत्व स्पर्धेनंतर ऐकू येतात, शिष्यवृत्तीच्या निकालाच्या दिवशी तर हमखास. गंमत अशी की मोठ्या फरकाने हरलेली मुले संध्याकाळपर्यंत हसू-खेळू लागतात. एका गुणाने हरलेली मुले मात्र दोन-दोन दिवस गप्प असतात. ‘तो एक चेंडू अडवला असता तर...’, ‘ते एक उत्तर खोडलं नसतं तर...’ हे त्यांचे चालूच राहते. खरे तर हरणे दोन्हीकडे सारखेच. उलट, थोडक्यात हरलेला संघ जास्त चांगला खेळलेला असतो. मग त्यालाच दुःख जास्त का?

या साध्या प्रश्नात गणित आहे, थोडे भौतिकशास्त्र आहे आणि बरेचसे मानसशास्त्र आहे. हे सगळे एकाच ठिकाणी दिसावे म्हणून एक प्रत्यक्ष घडलेला सामना आपण उदाहरणादाखल घेऊ. सामना आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. पण त्याचे आकडे आपल्या कामासाठी इतके सोयीचे आहेत की मुद्दाम बनवूनही इतके चांगले बनले नसते.

बटलरची गोष्ट

अमेरिकेत कॉलेजांचे बास्केटबॉल फार लोकप्रिय आहे. दरवर्षी मार्च महिन्यात देशभरातल्या निवडक विद्यापीठांची एक मोठी स्पर्धा होते. ती बाद पद्धतीची असते, म्हणजे एकदा हरले की घरी. २०१० साली या स्पर्धेत ६५ संघ होते. त्यांत इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरातले बटलर नावाचे एक लहानसे विद्यापीठ होते. विद्यार्थी साधारण चार-साडेचार हजार. अशा विद्यापीठाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचेल असे फारसे कोणाला वाटले नव्हते. पण तो पोहोचला. योगायोग असा की त्या वर्षी अंतिम सामनाही इंडियानापोलिसमध्येच होता, म्हणजे घरच्याच गावात. समोर होते ड्यूक विद्यापीठ. ते या खेळातले जुने, नामांकित घराणे. त्यांचे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांनी त्याआधी तीनदा ही स्पर्धा जिंकलेली होती. बटलरचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स होते अवघे ३३ वर्षांचे.

५ एप्रिल २०१० च्या रात्री सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर हा सामना झाला. मध्यंतराला ड्यूक ३३, बटलर ३२. शेवटच्या काही मिनिटांत ड्यूक ६०–५५ असे पुढे गेले. बटलरने ते अंतर कमी करत ६०–५९ पर्यंत आणले. मग बटलरच्या गॉर्डन हेवर्डने अंतिम रेषेजवळून मागे झुकत चेंडू टाकला. तो कड्याला लागून बाहेर आला आणि ड्यूकच्या ब्रायन झुबेकने पकडला. झुबेकवर फाऊल झाला. त्याला दोन फ्री थ्रो मिळाले तेव्हा घड्याळात ३.६ सेकंद उरले होते. पहिला थ्रो आत गेला: ६१–५९. दुसरा त्याने प्रशिक्षकांच्या सूचनेवरून मुद्दाम चुकवला. चेंडू हेवर्डच्या हाती आला. तो धावत मैदानाच्या मध्यापाशी पोहोचला आणि तिथूनच त्याने चेंडू फेकला. तो गेला असता तर तीन गुण मिळाले असते आणि बटलर ६२–६१ असे जिंकले असते. चेंडू मागच्या फळीवर आपटला, कड्याला लागला आणि बाहेर पडला. हेवर्डचे वय त्या दिवशी वीस वर्षे आणि काही दिवस इतके होते.

बटलरचे पाठीराखे या चेंडूविषयी पुढे वर्षानुवर्षे बोलत राहिले, यात नवल नाही. ‘दोन बोटे अलीकडे पडला असता तर!’ हे वाक्य अशा सामन्यांनंतर जगभर सारखेच असते.

पण थांबा. आणखी दोन आकडे पाहू. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी बटलरने उपांत्य सामना जिंकला होता. गुण होते मिशिगन स्टेट ५०, बटलर ५२. त्याआधी, दुसऱ्या फेरीत, मरे स्टेट या संघाविरुद्ध ते जिंकले तेव्हाचे गुण होते ५४–५२. म्हणजे एकाच स्पर्धेत बटलरचे तीन सामने दोन गुणांच्या फरकाने लागले. दोन त्यांच्या बाजूने, एक विरुद्ध. जो विरुद्ध लागला तोच मनात घर करून राहिला. ‘मरे स्टेटचा एक चेंडू आत गेला असता तर आपण दुसऱ्याच फेरीत घरी आलो असतो’ असे म्हणत रात्र जागवणारा पाठीराखा विरळाच. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या असतात. मनाच्या वहीत तसे नसते.

शेवटचाच चेंडू का?

आता गणिताकडे वळू. बटलरचे ५९ गुण ही एक बेरीज आहे. बेरजेत संख्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे आपण दुसरी-तिसरीतच शिकवतो. पहिल्या मिनिटाला चुकलेला चेंडू आणि शेवटच्या सेकंदाला चुकलेला चेंडू यांची बेरजेतली किंमत सारखीच. पूर्वार्धात बटलरचा जो कोणता साधा चेंडू हुकला असेल तो आत गेला असता, आणि बाकी सारे तसेच घडले असते, तर शेवटच्या फेकीची वेळच आली नसती.

इथे एक खुलासा करायला हवा. खऱ्या खेळात क्रमाला थोडे महत्त्व असते. मागे पडलेला संघ शेवटी धोका पत्करतो, मुद्दाम फाऊल करतो, लांबून तीन गुणांचे प्रयत्न करतो. म्हणून ‘बाकी सारे तसेच’ हे पूर्णपणे खरे नसते. तरीही पराभवाचा सगळा भार एका शेवटच्या फेकीवर टाकणे हे हिशेबाला धरून नाही.

मग आपले मन तसे का करते? डेल मिलर आणि साकू गुणसेगरम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली याविषयी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अशी गोष्ट सांगितली: दोन माणसे एकेक नाणे उडवणार आहेत. दोघांची नाणी सारखी पडली, म्हणजे दोन्ही छापे किंवा दोन्ही काटे, तर दोघांनाही मोठे बक्षीस. पहिल्याने उडवले, छापा पडला. दुसऱ्याने उडवले, काटा पडला. बक्षीस गेले. आता जास्त अपराधी कोणाला वाटेल? दोष कोणाला दिला जाईल? बहुतेकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. वास्तविक दोघांच्या हातात काहीच नव्हते, आणि पहिल्याचा काटा पडला असता तरीही बक्षीस मिळालेच असते. पण आधी घडून गेलेली गोष्ट मनाला पक्की, न हलणारी वाटते. शेवटची गोष्ट अजून ओली असते, ती बदलून पाहणे सोपे जाते. जे बदलून पाहणे सोपे, तेच आपल्याला ‘कारण’ वाटू लागते.

आपल्याकडचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजा येथे पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माच्या त्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला. त्याआधी जवळजवळ पन्नास षटके टाकली गेली होती, त्यांत कितीतरी धावा सहज वाचवता आल्या असत्या. पण लोकांनी लक्षात ठेवला तो एकच चेंडू. याच चेतन शर्माने पुढच्या वर्षी, १९८७ च्या विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. तरीही त्याचे नाव निघाले की आधी षटकार आठवतो.

वर्गात करून पाहा: नाण्यांचा अंतिम सामना

या प्रयोगाला प्रत्येक जोडीमागे दहा नाणी आणि एक कागद पुरतो. दोन विद्यार्थी म्हणजे दोन संघ. प्रत्येकाने दहा नाणी सहा वेळा उडवायची, म्हणजे एकूण साठ नाणेफेकी. छापा पडला की ‘बास्केट झाले’, दोन गुण. काटा पडला की शून्य. खऱ्या खेळात एक आणि तीन गुणांचेही प्रकार असतात, पण आपल्या कामाला एवढे पुरे आहे. साठ फेकींत सरासरी तीस छापे, म्हणजे सरासरी साठ गुण. ६१–५९ च्या सामन्याशी हे चांगलेच जुळते.

आता लक्षात घ्या, हे दोन्ही संघ तंतोतंत सारखे आहेत. नाण्याला ना जिद्द, ना सराव, ना घरचे मैदान. तरीही सामना बरोबरीत सुटण्याचे प्रमाण शंभरात फक्त सातच्या आसपास असते. बाकीच्या त्र्याण्णव वेळा कोणीतरी जिंकते आणि कोणीतरी हरते. संभाव्यतेच्या गणिताने पाहिले तर शंभरातले एकवीस-बावीस सामने दोन किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे निघतील. आणि शंभरातले तीसहून अधिक सामने बारा किंवा त्याहून जास्त गुणांच्या फरकाने लागतील! वर्गात चाळीस मुले असतील तर वीस सामने होतील. त्यांत चार-पाच सामने दोन गुणांच्या आत आणि सहाच्या आसपास सामने बारा किंवा जास्त गुणांचे, असे काहीसे चित्र दिसेल. नेमके तेवढेच येईल असे नाही. तो फरक का पडतो, हाही एक चांगला प्रश्न आहे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना याचे सूत्र देता येईल. साठ फेकींतल्या छाप्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन म्हणजे ६० × ½ × ½ याचे वर्गमूळ, सुमारे ३.९. गुणांत सांगायचे तर त्याच्या दुप्पट, ७.७. दोन संघांच्या फरकाचे विचलन त्याच्या √२ पट, म्हणजे जवळजवळ ११ गुण. सारख्याच तोडीच्या दोन संघांत निव्वळ योगायोगाने एवढा फरक सहज पडू शकतो. मग दोन गुणांच्या फरकावरून ‘ते श्रेष्ठ, आम्ही कनिष्ठ’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे सुतळी मोजायच्या फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखे आहे.

याचा अर्थ बास्केटबॉल म्हणजे नुसती नाणेफेक, असे मात्र मुळीच नव्हे. सराव म्हणजे नाणे आपल्या बाजूला किंचित जड करणे. समजा, एका संघाचे शंभरातले ५२ प्रयत्न यशस्वी होतात आणि दुसऱ्याचे ४८. साठ-साठ प्रयत्नांत पहिला संघ सरासरी पाच गुणांनी पुढे राहील. तरीही दहापैकी साधारण तीन सामने दुसरा, कमकुवत संघ जिंकून जाईल. वर्षभर खेळत राहिले तर पहिल्याचे श्रेष्ठत्व दिसून येते. एका रात्रीत ते दिसेलच असे नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तर प्रत्येक फेरी ही एकेक रात्रच असते. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला चांगला संघ घेतला, तरी ओळीने सहा सामने जिंकण्याची त्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के एवढीच येते. बाद स्पर्धेचा विजेता हा ‘सर्वोत्तम संघ’ असतोच असे नाही. तो त्या सहा रात्री न हरलेला संघ असतो.

प्रयोग संपल्यावर दोन गुणांनी हरलेल्या विद्यार्थ्याला विचारा, ‘तू नेमका कोणत्या नाण्यामुळे हरलास?’ त्याने कोणतेही एक नाणे दाखवले तर बाकीच्या मुलांना विचारा, ‘दुसरे एखादे का नाही?’ चर्चा आपोआप रंगेल.

अर्ध्या अंशाचा खेळ

आता त्या शेवटच्या फेकीकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू. बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर ५ सेंटिमीटर उंच असते. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या होत्या. त्या कठड्याची उंची होती १० फूट, तीच आजवर चालत आली. कड्याचा व्यास १८ इंच, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू कड्याच्या बरोबर मध्यातून चालला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर मोकळी जागा राहते.

मैदानाच्या मध्यापासून कडे सुमारे १३ मीटर दूर. तेवढ्या अंतरावर ११ सेंटिमीटर म्हणजे किती अंशांचा कोन? ११ भागिले १३००, हे रेडियनमध्ये. त्याचे अंश केले तर अर्धा अंशही पुरता भरत नाही. आकाशातले पूर्ण चंद्रबिंब आपल्याला अर्ध्या अंशाएवढेच दिसते. म्हणजे धावत येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाने चेंडू चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा डावीकडे किंवा उजवीकडे टाकला, तरी तो सरळ आत जाणार नाही.

हे झाले दिशेचे. वेगाचे काय? ४५ अंशांत फेकलेल्या वस्तूचा पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे अकरावीच्या पुस्तकात आहे. म्हणून पल्ल्यात एक टक्का फरक हवा असेल तर वेगात अर्धा टक्काच फरक पुरतो. १३ मीटरांत ११ सेंटिमीटर म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. अशा फेकीला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. त्यात ताशी ०.२ किलोमीटरचा फरक पडला की चेंडू एक तर अलीकडे नाहीतर पलीकडे. चेंडू तिरका येतो, त्यामुळे त्याला कड्याचे तोंड आणखी अरुंद पडते. ते धरले तर सवलत याहूनही कमी. फळीवर आपटून आत जाण्याची एक वाट असते, पण तीही अशीच चिंचोळी.

एवढी अचूकता माणसाच्या स्नायूंना दर वेळी साधत नाही. कितीही निष्णात खेळाडू असला तरी त्याच्या प्रत्येक फेकीत थोडी कमी-जास्त होतेच. लांबून टाकलेला चेंडू कधी आत जातो, बहुतेक वेळा जात नाही. हेवर्डची फेक हुकली हे नवल नव्हते. ती इतक्या जवळून हुकली हेच नवल होते. आणि नेमकी तीच गोष्ट पाठीराख्यांना सतावत राहिली.

पाच मिनिटे आणि तीस मिनिटे

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेले एक कोडे आता प्रसिद्ध आहे. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळावर निघतात. दोघांची विमाने वेगवेगळी, पण सुटण्याची वेळ एकच. वाटेत वाहतूक तुंबते आणि दोघेही अर्धा तास उशिरा पोहोचतात. पहिल्याला कळते, त्याचे विमान वेळेवर गेले, अर्ध्या तासापूर्वी. दुसऱ्याला कळते, त्याचे विमान रखडले होते आणि पाचच मिनिटांपूर्वी सुटले. जास्त चडफडाट कोणाचा होईल? ९६ टक्के लोकांनी उत्तर दिले: दुसऱ्याचा.

दोघांचे नुकसान सारखे आहे. पण दुसऱ्याला ‘वेळेवर पोहोचलो असतो’ हे चित्र डोळ्यांपुढे सहज उभे करता येते. घडले नाही पण घडू शकले असते, अशी पर्यायी गोष्ट रचणे ही माणसाच्या मनाची नेहमीची सवय आहे. प्रत्यक्ष घटना आणि ती गोष्ट जितकी जवळ, तितकी चुटपूट जास्त. १९९५ साली व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोव्हिच यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे जास्त आनंदी दिसतात, असे पाहणाऱ्यांच्या गुणांकनातून दिसले. दुसरा आलेला सुवर्णाकडे पाहत असतो. तिसरा आलेला ‘पदक तरी मिळाले’ म्हणत चौथ्याकडे पाहत असतो.

‘आम्ही’ जिंकलो, ‘ते’ हरले

खेळाडूंचे ठीक, पण पाठीराख्यांना एवढे का लागावे? त्यांनी तर चेंडूला हातही लावलेला नसतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सात विद्यापीठांतले विद्यार्थी सोमवारी कोणते कपडे घालून वर्गात येतात याची नोंद ठेवली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचे नाव असलेले सदरे जास्त दिसत. सामन्याविषयी विचारले तर जिंकल्यावर ‘आम्ही जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’ असे बोलण्याकडे कल असे.

पण पक्का पाठीराखा ‘ते’ म्हणून सुटू शकत नाही. बटलर ज्या राज्यात आहे त्याच इंडियानातल्या दुसऱ्या एका विद्यापीठात एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे दाखवून दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना आपल्या संघाचा बास्केटबॉल सामना पाहायला लावला आणि नंतर काही कामे स्वतःला कितपत जमतील याचा अंदाज विचारला. संघ हरल्यावर पक्क्या पाठीराख्यांना संघाचे पुढचे भवितव्य तर कमी वाटलेच, पण स्वतःची क्षमताही कमी वाटली. दुसऱ्याच्या हातून हुकलेल्या चेंडूने यांचा आत्मविश्वास खाली आणला होता. वर्गसंघ हरल्यावर पुढच्या तासाला मुलांचे गणितात लक्ष का लागत नाही, याचे थोडे उत्तर इथे सापडते.

यावर दिलासा देणारीही एक गोष्ट आहे. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली कॉलेजच्या फुटबॉल पाठीराख्यांना आधीच विचारले, ‘निकालाचा परिणाम तुमच्या मनावर किती दिवस राहील?’ प्रत्यक्षात तो अंदाजापेक्षा लवकर ओसरला. कारण अंदाज करताना डोळ्यांपुढे फक्त सामना असतो. परीक्षा, मित्र, जेवणखाण हे सगळे आपण विसरतो. ते विसरून चालत नाही, आणि तेच मनाला सावरते.

मुद्दाम चुकवलेला थ्रो

पाठीराख्यांच्या चर्चेत आणखी एक चूक हमखास होते. झुबेकने दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवला, हे आठवा. तो आत गेला असता तर गुण झाले असते ६२–५९, आणि हेवर्डची फेक पडली असती तरी फक्त बरोबरी झाली असती. चुकवल्यामुळे त्याच फेकीवर ड्यूक हरण्याची शक्यता निर्माण झाली. दुसऱ्या बाजूने, बटलरकडे विश्रांती मागण्याची संधी उरली नव्हती, आणि चुकलेला चेंडू पकडून धावण्यात त्यांचे मोलाचे सेकंद जाणार होते. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे.

हेवर्डचा चेंडू बाहेर पडला म्हणून हा निर्णय धूर्तपणाचा ठरला. तो आत गेला असता तर हाच निर्णय घोडचूक ठरला असता. निर्णय तोच, माहिती तीच, घेणारा तोच. चेंडू दोन बोटे इकडे की तिकडे पडला, यावर निर्णयाचे शहाणपण कसे ठरेल? तरी आपण ते ठरवतो. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवले की निकाल कळल्यावर ‘हे असेच होणार हे आधीच दिसत होते’ असे लोकांना वाटू लागते. निर्णयाचे मोल करायचे तर तो घेण्याच्या क्षणी काय माहीत होते, तेवढेच पाहायला हवे.

मग चुटपूट वायाच जाते का?

तसे नाही. ‘असे केले असते तर’ हा विचार योग्य जागी वळवला तर तो शिकवतो. नील रोझ यांनी १९९४ साली केलेल्या प्रयोगांत, ‘काय केले असते तर अधिक चांगले झाले असते’ असा विचार करायला लावलेल्या विद्यार्थ्यांना शब्दकोड्यांत पुढे जास्त यश मिळाले. अट एवढीच की तो विचार आपल्या हातातल्या गोष्टींविषयी हवा. ‘फ्री थ्रोचा सराव वाढवू’ हे हातातले आहे. ‘तो चेंडू दोन बोटे अलीकडे पडायला हवा होता’ हे नाही.

बटलरचा संघ पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. हेवर्ड तोवर व्यावसायिक संघात गेला होता. या वेळी ते कनेक्टिकटकडून ५३–४१ असे हरले. ६४ प्रयत्नांपैकी अवघे १२ यशस्वी झाले. म्हणजे शंभरात एकोणीसही नाहीत. हा पराभव सहापट मोठा होता, पण ‘जर-तर’ला त्यात जागाच नव्हती. म्हणून २०१० च्या पराभवाइतका तो बोलला जात नाही.

आपल्या वर्गातही असा एखादा हेवर्ड असतो. आंतरशालेय कबड्डीत शेवटच्या चढाईत पकडला गेलेला, किंवा शिष्यवृत्तीच्या यादीतून एका गुणाने खाली राहिलेला. सगळे त्याच्याकडेच पाहत असतात, आणि तोही स्वतःकडे तसाच पाहू लागतो. ‘जाऊ दे, विसर’ असे सांगून तो विसरत नाही. त्यापेक्षा त्याच्यासोबत बसून सामन्याचा पूर्ण गुणतक्ता किंवा पूर्ण उत्तरपत्रिका समोर ठेवावी, आणि पहिल्या मिनिटापासून गुण कुठे कुठे गेले ते त्यालाच मोजायला सांगावे. यादी लांब निघेल. शेवटची चढाई तिच्यात असेल, पण एकटी नसेल. मग त्या यादीतल्या कोणत्या गोष्टी पुढच्या वेळी आपल्या हातात आहेत, त्यांवर त्याच्याच हाताने खुणा करून घ्याव्यात. उरलेल्या गोष्टींसाठी दहा नाणी आहेतच.